जुन्या व्हिडिओ गेमचे पुनरुज्जीवन: कोकणातील छोट्या स्टुडिओसाठी वर्षभराचे नियोजन

कोकणात राहून चार-सहा जणांचा गेम स्टुडिओ चालवायचा असेल, तर कोरा नवा गेम उभा करण्यापेक्षा लोकांच्या हातून निसटलेला एखादा जुना गेम पुन्हा खेळता येईल असा करून देणे अधिक आवाक्यातले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा कामाला तोटा नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 साली जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार 2010 पूर्वी तेथे प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के गेम आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. चाचेगिरीच्या प्रती मिळतात, पण त्यांवर व्यवसाय उभा राहत नाही आणि राहूही नये.

या क्षेत्रातला आज सर्वांत परिचित स्टुडिओ म्हणजे अमेरिकेतील नाइटडाइव्ह. 2024 या एका वर्षात त्याने फेब्रुवारीत ‘स्टार वॉर्स: डार्क फोर्सेस’, मे महिन्यात ‘पीओड’, ऑगस्टमध्ये इतर स्टुडिओंच्या सोबतीने ‘डूम’ आणि ‘डूम 2’, ऑक्टोबरमध्ये ‘किलिंग टाइम’ आणि डिसेंबरमध्ये ‘द थिंग’ असे जुने गेम नव्या रूपात बाजारात आणले. ही यादी पाहून हुरळून जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या वेगाच्या मागे ‘केक्स’ नावाचे त्यांचे स्वतःचे इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्राम, आहे, आणि 2015 मधल्या ‘टुरॉक’च्या नव्या आवृत्तीपासून ते जवळपास प्रत्येक गेमसोबत थोडे थोडे वाढत गेले आहे. आपण त्यांच्याकडून गेमची संख्या घेऊ नये, रीत घ्यावी: पहिल्या गेमसाठी लिहिलेली साधने दुसऱ्या गेमला वापरता येतील अशीच लिहावीत.

आधी काम कोणते ते ठरवावे

जुना गेम परत आणण्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की वर्षाचे गणित कोलमडते. पहिला प्रकार पुनर्प्रकाशनाचा; यात गेम आहे तसा ठेवून तो आजच्या यंत्रावर चालता करायचा असतो. दुसरा रिमास्टरचा, यात गेमचे नियम, नकाशे आणि वेग तेच राहतात, पण चित्र, आवाज, मेनू आणि कंट्रोलर यांचे काम नव्याने होते. तिसरा रीमेक, यात जुना गेम समोर ठेवून सगळे पहिल्यापासून बांधले जाते. लहान स्टुडिओने तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. ‘सिस्टम शॉक’ या 1994 च्या गेमचा रीमेक नाइटडाइव्हने 2016 मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढून हाती घेतला, मध्ये इंजिन बदलले, व्याप्ती इतकी वाढली की 2018 मध्ये काम काही काळ थांबवून पुन्हा मूळ आराखड्याकडे वळावे लागले, आणि गेम प्रत्यक्ष बाहेर पडला तो 2023 च्या मे महिन्यात. त्यांच्यापाशी अनुभव होता, पैसा होता, नाव होते. आपल्यापाशी यातले काय आहे ते ज्याचे त्याने पाहावे.

पाच माणसांच्या टीमने वर्षाला एक रिमास्टर आणि त्याच्या जोडीला एक लहान पुनर्प्रकाशन एवढेच अंगावर घ्यावे. पहिल्या वर्षी तर नुसते पुनर्प्रकाशन केले तरी चालेल. त्यासाठी माझी पसंती 2000 नंतरच्या दशकात आपल्याकडच्या साध्या मोबाइलवर चालणाऱ्या जावा गेमना आहे. 1999 साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे डिस्नेच्या मालकीच्या झालेल्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी असे गेम मोठ्या प्रमाणावर केले. त्यांचे पडदे 128 बाय 128 किंवा 176 बाय 208 पिक्सेलचे, आणि काही फोनवर तर संपूर्ण गेम 64 किलोबाइटमध्ये बसवावा लागे. असा गेम एका माणसाच्या डोक्यात संपूर्ण मावतो, आणि शिकण्यासाठी याहून चांगली सोय नाही. शिवाय भारतीय कंपनीशी व्यवहार असल्यास करार आपल्याच कायद्याखाली होतो.

हक्क

सगळ्यात जास्त वेळ येथे जातो आणि याच कामाला नवशिके सगळ्यात कमी वेळ देतात. कोकणातल्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर जशी आजोबांपासूनची नावे चढलेली असतात आणि त्यातला एक वारस कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही, तशी अवस्था पुष्कळ जुन्या गेमची असते. स्टुडिओ बंद पडलेला असतो, प्रकाशक दुसऱ्याने विकत घेतलेला असतो, आणि ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना ते आपल्याकडे आहेत याचा पत्ता नसतो.

‘सिस्टम शॉक 2’ हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण, आणि ते योग्यच आहे. 1999 चा हा गेम पुढे नाइटडाइव्ह उभारणाऱ्या स्टीफन किक यांना प्रवासात आपल्या लॅपटॉपवर खेळायचा होता, तो चालेना, आणि विकतही मिळेना. चौकशी करता, तो करणाऱ्यांपैकी लुकिंग ग्लास हा स्टुडिओ 2000 साली बंद झाल्यानंतर हक्क एका विमा कंपनीकडे गेल्याचे कळले. त्यांनी त्या कंपनीशी बोलणी केली, आणि 2013 च्या फेब्रुवारीत गेम पुन्हा विक्रीला आला. नाइटडाइव्हचा जन्म यातून झाला. मात्र असे प्रत्येक वेळी होत नाही. ‘नो वन लिव्ज फॉरएव्हर’ या 2000 च्या गेमसाठीही त्याच मंडळींनी बरीच खटपट केली. वॉर्नर ब्रदर्स, अॅक्टिव्हिजन आणि फॉक्स यांच्यापैकी कोणाकडे नेमके काय आहे याचा उलगडा होईना, आणि अखेर तो नाद सोडावा लागला. यावरून एक व्यावहारिक नियम करावा: हक्कांच्या चौकशीला तीन महिन्यांची मुदत घालावी, एका वेळी तीन-चार गेमची चौकशी चालू ठेवावी, आणि लेखी होकार येईपर्यंत कोडची एक ओळही लिहू नये.

‘हा गेम आता मोकळा झाला आहे’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यकृतीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे ज्यावर आपली पिढी वाढली त्यातला कोणताही गेम आपल्या हयातीत आपोआप मोकळा होण्याची शक्यता नाही. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो; तेव्हा जुन्या प्रोग्रामरने फोनवर आनंदाने ‘वापरा की’ म्हटले तरी त्याला तो अधिकार असेलच असे नाही. हक्क हस्तांतरित होतो तो लेखी आणि सही केलेल्या करारानेच. त्यातही कलम 19 नीट वाचावे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारतापुरता मानला जातो, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो परत जातो. जगभर विकायचा गेम आणि करारात प्रदेशाचा उल्लेख नाही, ही चूक महागात पडते. जिल्ह्याच्या ठिकाणी जमिनीचे खटले चालवणारे वकील भरपूर मिळतात. या करारासाठी मात्र मुंबई-पुण्यातल्या बौद्धिक संपदेचे काम करणाऱ्या वकिलाची फी देणे इष्ट आहे.

गेमचे नाव हा ट्रेडमार्कचा वेगळा विषय, संगीत वेगळे, आवाज देणाऱ्यांचे करार वेगळे. जुन्या करारात ‘सीडीवर विक्री’ असे शब्द असतील तर डाउनलोडचे काय, हा प्रश्न लेखी विचारून घ्यावा. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 4’ मधली काही गाणी परवान्याची मुदत संपल्यामुळे 2018 मध्ये काढून टाकावी लागली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला जे चुकवता आले नाही ते आपल्यालाही चुकणार नाही, म्हणून बाहेरचे संगीत ज्यात भरपूर आहे असा गेम सुरुवातीला निवडू नये.

मूळ सामग्री मिळवणे आणि ती खारट हवेतून वाचवणे

करार झाला की पहिली मागणी सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुराची, आणि कलाकारांच्या मूळ फायलींची करावी. त्या मिळतीलच असे नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा अॅपल 2 या संगणकासाठीचा मूळ कोड त्या गेमचे कर्ते जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांना 2012 साली घरातल्या एका खोक्यात सापडला, आणि जाणकारांच्या मदतीने त्या जुन्या फ्लॉप्या वाचून तो सर्वांसाठी खुला करण्यात आला. असे भाग्य क्वचित. ‘सायलेंट हिल’च्या 2012 च्या एचडी संग्रहावर काम करणाऱ्यांना कोनामी या प्रकाशकाकडून अंतिम कोड मिळालाच नाही, अर्धवट अवस्थेतला मिळाला, त्यामुळे मूळ गेममध्ये कधीच मिटवलेले दोष त्यांना नव्याने मिटवत बसावे लागले. म्हणून हाती आलेला कोड दुकानात विकल्या गेलेल्या गेमचाच आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात तपासावे: तो कम्पाइल करावा, म्हणजे त्यापासून चालणारा गेम बनवावा, जुन्या डिस्कवरचा गेम शेजारी लावावा, आणि दोन्हींत तोच टप्पा तसाच खेळून पाहावा.

आपल्या हवेचा विचार येथे करावाच लागतो. किनाऱ्यावरच्या घरात माळ्यावर ठेवलेल्या फ्लॉपीवर आणि सीडीवर बुरशी धरते, आणि बुरशी धरलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः तर जातेच, शिवाय ड्राइव्हचे डोके खराब करून पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पाडते. यासाठी जुन्या डिस्क वाचण्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांतच करावे, पावसाळ्यात ती खोकी उघडूच नयेत, आणि उरलेल्या काळात ती झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. पुड्या दर महिन्याला मंद आचेवर कोरड्या करून घ्याव्यात, नाहीतर त्या नुसत्या शोभेला उरतात.

वाचताना फायली ओढून कॉपी करण्याचा मोह टाळावा. फ्लॉपीची लेखन-बंदीची खिडकी आधी उघडावी आणि ग्रीसवीझलसारख्या साधनाने तिच्यावरचे चुंबकीय संकेत जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. एखादा सेक्टर, म्हणजे फ्लॉपीवरचा लहानसा भाग, आज वाचता आला नाही तरी त्या नोंदीवरून उद्या प्रयत्न करता येतो. सीडीच्या बाबतीत एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. 1990 च्या दशकातल्या अनेक गेममध्ये डेटा पहिल्या ट्रॅकवर आणि संगीत पुढच्या ट्रॅकवर साध्या ऑडिओ सीडीसारखे असते. अशा सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे केवळ डेटाची नक्कल, बनवली तर संगीत त्यात येतच नाही, आणि गेम मुका झाला म्हणून आपण कोडमध्ये दोष शोधत बसतो. त्याऐवजी बिन आणि क्यू अशा जोडफायली कराव्यात, त्यांत सगळे ट्रॅक येतात.

प्रत्येक प्रतीचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, वहीत आणि फाइलमध्ये दोन्हीकडे नोंदवावा. प्रती तीन असाव्यात आणि त्यातली एक घाटावर, म्हणजे कोल्हापूर किंवा पुण्याला, कोणाच्या तरी घरी असावी. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर जे केले आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणच्या बाजारपेठेत जे केले, ते पाहिल्यावर एकाच गावात ठेवलेल्या तीन प्रतींना तीन म्हणण्यात अर्थ नाही. क्लाउडवरची प्रत हवीच, पण शेकडो गिगाबाइट परत उतरवून घ्यायचे असतात तेव्हा एसटीने आलेली हार्ड डिस्क लवकर पोचते.

जे बदलायचे नाही त्याची यादी

रिमास्टरमध्ये काय सुधारायचे याची यादी सगळेच करतात. मी म्हणेन की तिच्याआधी, काय बदलायचे नाही याची यादी करावी, ती सर्वांच्या सहीने भिंतीवर लावावी, आणि पुढचे सगळे वाद तिच्यासमोर उभे राहून मिटवावेत. पात्र किती उंच उडी मारते, बटण दाबल्यापासून किती वेळाने मारते, शत्रूला आपण किती अंतरावरून दिसतो, दार उघडायला किती वेळ लागतो, हे सगळे या यादीत आकड्यांनिशी यावे.

यातला सर्वांत निसरडा भाग म्हणजे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला काढलेल्या चित्रांची संख्या. पुष्कळ जुन्या गेममध्ये चित्र काढण्याचा वेग आणि गेमच्या जगाचा वेग एकमेकांना बांधलेले असतात. चित्र दुप्पट वेगाने काढले की जगही दुप्पट धावते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यातला एखादाच कोपरा धावतो. ‘डार्क सोल्स 2’ हा काही तितका जुना गेम नाही, तरी संगणकावर सेकंदाला 60 फ्रेमने तो चालवला की शस्त्रे दुप्पट वेगाने झिजत. हे बरेच दिवस कोणाच्या लक्षात आले नव्हते. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे जगाचा ठोका, म्हणजे गेममधली स्थिती एकेक पाऊल पुढे सरकण्याचा वेग, मूळचाच ठेवणे आणि दोन ठोक्यांच्या मधली चित्रे हिशेबाने भरणे. ‘डूम’चे जग सेकंदाला 35 ठोके घेते, म्हणजे एक ठोका सुमारे 28.6 मिलिसेकंदांचा. आजचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी नवे चित्र मागतो. राक्षसाचे मागच्या ठोक्याचे आणि या ठोक्याचे स्थान घ्यायचे, मधल्या क्षणी तो कुठे असता ते काढायचे आणि तेथे तो दाखवायचा. पण गोळी लागली की नाही याचा निवाडा मात्र ठोक्यालाच करायचा. चित्र मऊ होते आणि गेम तसूभरही बदलत नाही. किंमत एवढीच की चित्र एका ठोक्याइतके मागे राहू शकते, म्हणून खेळाडू स्वतः जिकडे वळतो त्या कोनाला हा नियम लावू नये; तेथे माउसची ताजी हालचालच दाखवावी.

‘डूम’पासून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. त्यातले डेमो रेकॉर्डिंग म्हणजे चित्रफीत नसते. कोणत्या ठोक्याला कोणते बटण दाबले एवढीच ती नोंद असते, आणि तीच बटणे पुन्हा दाबली की तोच खेळ उलगडतो. नियमांत कुठेही केसाएवढा फरक पडला की डेमोतले पात्र भिंतीवर डोके आपटू लागते. आपल्या गेममध्ये अशी सोय नसेल तर पहिल्या महिन्यात ती बांधावी, मूळ गेमवरून शंभरेक नोंदी करून ठेवाव्यात, आणि रोज रात्री नव्या बिल्डवर, म्हणजे त्या दिवशीच्या कोडपासून बनवलेल्या गेमवर, त्या आपोआप चालवाव्यात. लहान टीमला टेस्टिंगसाठी माणसे परवडत नाहीत, त्यांच्यासाठी हे एक साधन दोन माणसांचे काम करते.

पडद्याचे प्रमाण हाही यादीतला विषय आहे. 320 बाय 200 चे चित्र तेव्हाच्या 4:3 पडद्यावर ताणून दिसे, म्हणजे एकेक पिक्सेल रुंदीपेक्षा 1.2 पट उंच असे. चौरस पिक्सेल धरून ते मोठे केले तर माणसे बुटकी होतात आणि चाके लंबगोल दिसतात. रुंदी पाच पट आणि उंची सहा पट केली की 1600 बाय 1200 हे आकडे काटेकोर जुळतात. 1080 उंचीच्या पडद्यावर पट पूर्णांकात बसत नाही, म्हणून आधी या आकारापर्यंत मोठे करून मग हलकेच खाली आणावे. थेट ताणले तर काही ओळी जाड आणि काही बारीक दिसतात.

दोषांचे काय करायचे? गेम बंद पाडणारा किंवा सेव्ह फाइल बिघडवणारा दोष काढावा. भिंतीतून आरपार जाण्याची जी फट खेळाडूंनी गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या शर्यतीसाठी वापरली, ती ठेवावी. मधल्या प्रकारांसाठी मेनूत पर्याय द्यावा आणि तो मूळ स्थितीत बंद असावा.

चित्र आणि आवाज

येथे थोडक्यात आटोपते घेतो, कारण या कामाला माणसे मिळतात आणि लक्षही सहज जाते. जुनी टेक्सचर, म्हणजे भिंती आणि वस्तूंवर चढवलेली चित्रे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने मोठी करण्याचा मार्ग स्वस्त आहे. परंतु त्या साधनाला अक्षरे आणि चेहरे कळत नाहीत. 2021 च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ तिहेरी संचात दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे बिघडली, विनोदासाठी मुद्दाम रंगवलेल्या वस्तूंचा अर्थच गेला, आणि कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. साधन वापरायचे तर प्रत्येक चित्रावरून माणसाची नजर फिरली पाहिजे आणि पाट्या हातानेच रंगवल्या पाहिजेत. 2024 मधल्या ‘टूम रेडर’च्या रिमास्टरप्रमाणे एका बटणाने जुने आणि नवे चित्र अदलाबदल करण्याची सोय आवर्जून द्यावी. खेळाडूला ती आवडतेच, पण खरा फायदा आपला होतो. नवे चित्र काढणाऱ्याला जुने सतत शेजारी दिसत राहते, आणि जुन्या अंधाऱ्या खोलीत नवा कलाकार उगाच चार दिवे लावत नाही.

मराठी आवृत्ती करायची असल्यास

जुन्या इंजिनात एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे एक चौकोन असा सरळ हिशेब असतो. देवनागरीत तो चालत नाही. ‘स्थिती’ हा शब्द युनिकोडमध्ये सहा चिन्हांचा आहे. त्यातली पहिली वेलांटी साठवली जाते ‘थ’च्या नंतर, पण पडद्यावर दिसायला हवी ‘स्थ’च्या आधी. यूटीएफ-8 या साठवणुकीच्या पद्धतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे हा एकच शब्द 18 बाइटचा. ज्या कोडमध्ये वस्तूच्या नावासाठी 32 बाइटची जागा राखली आहे, तेथे मराठीची जेमतेम दहा चिन्हे मावतात, आणि अकरावे अर्धवट कापले गेले की पडद्यावर प्रश्नचिन्हे उमटतात. तेव्हा आधी सगळ्या जागा मोजून वाढवाव्यात, अक्षरजुळणी स्वतः लिहू नये, हार्फबझ ही खुली लायब्ररी वापरावी, आणि फॉन्टला भाषा मराठी असल्याचे सांगावे; नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ हे दोन शब्द चाचणीच्या यादीत अवश्य ठेवावेत. आठ बाय आठच्या चौकोनात जोडाक्षर वाचता येत नाही, त्यामुळे मजकुराचा थर गेमच्या चित्रावर वेगळा, पडद्याच्या पूर्ण बारकाव्याने काढावा.

वर्ष कोकणाच्या हिशेबाने

वर्ष जानेवारीला सुरू करू नये, दिवाळी झाली की करावे. हक्कांचे काम त्याआधीच्या पावसाळ्यात पत्रव्यवहाराने झालेले असावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात डिस्क वाचणे, कोड कम्पाइल करणे, न बदलायची यादी आणि नोंदींची यंत्रणा पूर्ण करावी. मार्चच्या सुमारास शिमगा येतो आणि पालखी घरोघर फिरू लागली की गावात कोणी कामावर राहत नाही. तो आठवडा वेळापत्रकात मोकळाच ठेवावा. एप्रिल-मे मध्ये ज्यांच्या घरी आंब्याची बाग आहे त्यांची अर्धी उपस्थिती धरावी, आणि मुंबईहून सुट्टीला आलेल्या भाचरांना गेमसमोर बसवावे. त्यांना काही समजावून सांगू नये. मागे बसून, ते कुठे अडतात आणि कोणते बटण उगाच दाबत राहतात, एवढेच लिहून घ्यावे. याच्या जोडीला ज्यांनी तो गेम त्या काळात खेळला आहे अशीही दोन-तीन माणसे हवीत. पहिल्या गटाला मेनू कळला नाही हे दिसते, दुसऱ्याला उडी चुकीची आहे हे जाणवते.

जून ते ऑगस्ट हे खरे बैठ्या कामाचे महिने. पाऊस लागला की लाइट जाणार हे धरूनच चालावे. यूपीएस संगणकाला सगळेच लावतात. फायबरच्या डब्याला आणि राउटरलाही लावावा, कारण पुष्कळदा केबल शाबूत असते आणि केवळ डबा बंद पडल्याने नेट गेलेले असते. दिवसातून दोनदा काम सर्व्हरवर चढवण्याची शिस्त ठेवावी आणि रात्रीचा स्वयंचलित बिल्ड घाटावरच्या किंवा भाड्याच्या यंत्रावर चालवावा. गणपतीत, म्हणजे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, कोणतीही अंतिम तारीख ठेवू नये. परदेशी भागीदाराला हे जानेवारीतच तारखांसह कळवावे. त्यांना त्यांचा नाताळ असतो, आपला हा असतो, आणि आधी सांगितले की कोणी हरकत घेत नाही.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या ऑक्टोबरमधल्या नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या महोत्सवात डेमो द्यावा आणि दिवाळीनंतर गेम प्रकाशित करावा. डिसेंबरच्या मध्याला प्रकाशन टाळावे, कारण तेव्हा एखादा दोष निघाला तर तो तपासून पॅच, म्हणजे दुरुस्ती, मंजूर करणारी माणसे रजेवर असतात.

प्रकाशन आणि त्यानंतर

स्टीमवर प्रत्येक गेमसाठी 100 डॉलर शुल्क भरावे लागते आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे आधी लावावे लागते; प्रत्यक्षात ते सहा महिने आधी लावावे, म्हणजे विशलिस्ट, अर्थात पुढे घ्यायचा म्हणून ग्राहकांनी केलेल्या नोंदी, वाढायला अवधी मिळतो. जुन्या गेमचा ग्राहक जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातही असतो, आणि तेथे कॉपीसंरक्षणाशिवाय गेम द्यावा लागतो, हे हक्काच्या करारात आधीच मान्य करून घ्यावे.

नवी आवृत्ती आली म्हणून जुनी काढून टाकू नये, हा माझा आग्रह आहे. ‘वॉरक्राफ्ट 3’च्या 2020 मधल्या नव्या आवृत्तीने जुन्या गेमचीच जागा घेतली आणि लोक इतके चिडले की पैसे परत द्यावे लागले. ‘ब्लेड रनर’च्या 2022 मधल्या आवृत्तीत खुद्द नाइटडाइव्हवर ही वेळ आली, मूळ कोड हरवलेला असल्याने बरेच काम तयार गेम उलगडून उलट्या बाजूने करावे लागले होते, ते खेळाडूंना रुचले नाही, आणि नाराजीनंतर मूळ आवृत्ती पुन्हा उपलब्ध करून देण्यात आली. मूळ गेम त्याच किमतीत सोबत द्यावा.

श्रेयनामावलीत मूळ टीमची सर्व नावे, मूळ क्रमाने, आपल्या नावांच्या आधी यावीत. हक्क विकल्यानंतरही लेखकाला आपले नाव लावून घेण्याचा अधिकार कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे, आणि तो नसता तरी हे करायलाच हवे होते.

प्रकाशनानंतरचे दोन महिने टीममधला एक प्रोग्रामर फक्त पॅचसाठी राखून ठेवावा आणि पुढच्या गेमच्या कामाला त्याला हात लावू देऊ नये. उरलेल्यांनी या काळात वर्षभराचा संग्रह बांधावा: अंतिम सोर्स कोड, तो ज्या कम्पायलरच्या ज्या आवृत्तीने बांधला तिच्यासह संपूर्ण यंत्राच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, चित्रांच्या थर न मिटवलेल्या फायली, आवाजाची मूळ रेकॉर्डिंग, करारांच्या स्कॅन प्रती आणि न बदलायची यादी. हा संग्रह टीममधल्या ज्याने तो बांधला नाही अशा माणसाच्या हाती कोऱ्या संगणकासह द्यावा आणि त्याने कोणालाही न विचारता गेम कम्पाइल करून दाखवावा. तो जेथे अडेल तेथे सूचना अपुऱ्या आहेत असे समजून त्या पुन्हा लिहाव्यात, आणि मगच डिस्कवर लेबल लावून ती घाटावर पाठवावी.